वाचनालयाची किल्ली कुणाच्या खिशात?

बालमित्रांनो, आज आधी एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या गावातल्या वाचनालयाच्या दाराला कुलूप आहे ना? त्याची किल्ली कुणाकडे असते?

“ग्रंथपालकाकांकडे!” तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर. आणि दुसरी किल्ली? ती बहुधा अध्यक्षांच्या घरी, खुंटीला टांगलेली असते. काका आजारी पडले, लग्नाला परगावी गेले, तरी वाचनालय उघडतं ते या दुसऱ्या किल्लीमुळे.

आता अवघड प्रश्न. त्याच वाचनालयात कॉम्प्युटर असेल, तर त्याची किल्ली कुणाकडे असते?

कॉम्प्युटरलाही किल्ली असते, बरं का! तिला पासवर्ड म्हणतात. ती खुंटीला टांगता येत नाही की जुडग्यात खुळखुळत नाही. ती असते कुणाच्या तरी डोक्यात. आणि ते डोकं गाव सोडून गेलं, तर? वाचनालय गावाचं, पुस्तकं गावाची, कॉम्प्युटरही गावाचा. पण तो उघडायचा कसा, हे गावात कुणालाच ठाऊक नाही!

वाचनालय, महिला मंडळ, व्यायामशाळा, बचत गट, अनाथाश्रम अशा संस्था नफा कमावण्यासाठी चालत नाहीत. चार माणसं एकत्र येतात, वर्गणी काढतात, वेळ देतात आणि काम उभं करतात. हल्ली त्यांचेही हिशेब, याद्या, पत्रं कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर गेली आहेत. म्हणून आज गोष्ट सांगणार आहे ती आपल्या यंत्राची किल्ली आपल्याच हातात ठेवणाऱ्या एका लहानशा वाचनालयाची. त्यासाठी आपल्याला जरा लांब जायचं आहे. चला, नकाशा काढा!

लेव्हिन नावाचं गाव

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या उजवीकडे खाली न्यूझीलंड हा देश सापडेल. त्याची दोन मोठी बेटं आहेत, उत्तर आणि दक्षिण. उत्तर बेटाच्या खालच्या टोकाला वेलिंग्टन ही राजधानी आहे. तिथून उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर लेव्हिन नावाचं छोटं शहर लागतं. या जिल्ह्याचं नाव होरोफेनुआ. हे नाव माओरी भाषेतलं आहे. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी.

या जिल्ह्यातली वाचनालयं ‘होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट’ ही संस्था चालवत होती. लेव्हिन, फॉक्सटन आणि शॅनन अशा तीन ठिकाणी वाचनालयं होती. ही संस्था नफ्यासाठी चालणारी नव्हती. खजिना मोठा नाही, माणसं मोजकी. आपल्याकडच्या तालुक्याच्या वाचनालयासारखंच समजा ना!

पुस्तकांची नोंद ठेवायला त्यांच्याकडे कॉम्प्युटरची एक व्यवस्था होती. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कधी परत यायचं, उशीर झाला तर दंड किती, हे सगळं ती सांभाळायची. पण १९९९ साल उजाडलं आणि सगळ्यांना घोर लागला. ती व्यवस्था जुनी होती. वर्ष संपलं की ती चुकू लागणार होती.

का बरं? त्यासाठी थोडं गणित करू या.

९९ नंतर किती?

जुन्या काळी कॉम्प्युटरची स्मरणशक्ती फार तोकडी आणि फार महाग होती. एकेक अक्षर वाचवावं लागे. म्हणून लोकांनी युक्ती केली. १९८७ असं पूर्ण न लिहिता नुसतं ८७ लिहायचं. आपणही वहीवर तारीख लिहिताना तसंच करतो की! पण आपल्याला मनातून ठाऊक असतं की हे शतक कुठलं. यंत्राला मन नसतं. त्यामुळे ९९ नंतर ०० आलं, की अनेक यंत्रं ते २००० न समजता १९०० समजणार होती. या अडचणीला जगभर ‘वाय टू के’ असं नाव पडलं होतं.

समजा, तुम्ही २७ डिसेंबर १९९९ रोजी एक पुस्तक नेलं. परत करायची तारीख १० जानेवारी २०००. यंत्रात ती १०-०१-०० अशी लिहिली गेली. यंत्र म्हणणार, “अरेच्चा! हे पुस्तक तर १० जानेवारी १९०० लाच परत यायला हवं होतं!” म्हणजे पुस्तक हातात घेतल्या घेतल्या तुम्हाला ३६,५१० दिवसांचा उशीर! दिवसाला एक रुपया दंड धरला, तर ३६,५१० रुपये!

हा हिशेब बरोबर आहे का, ते तुम्ही स्वतः ताडून पाहा. एक सूचना देते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. हेच गणित मी आमच्या चौथीच्या वर्गात घातलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “बाई, त्यापेक्षा पुस्तकांचं दुकान काढलेलं परवडेल!”

हसण्याची गोष्ट खरी. पण ज्यांना तीन वाचनालयं चालवायची होती, त्यांना हसू येत नव्हतं.

कोळ्याच्या नावाची कंपनी

ट्रस्टपुढे एक सरळ वाट होती. बाजारातून नवी तयार व्यवस्था विकत घ्यायची. पण वाचनालयांसाठीच्या अशा व्यवस्था महाग असतात. शिवाय त्या एकदा घेऊन भागत नाही. दरवर्षी पैसे भरत राहावं लागतं. बहुतेकांची आतली रचनाही गुप्त असते. काही बिघडलं, काही बदलायचं झालं, की विकणाऱ्याकडेच जावं लागतं. तो म्हणेल ती तारीख आणि तो म्हणेल ती किंमत!

त्या वेळी होरोफेनुआच्या वाचनालयांच्या प्रमुख होत्या रोझली ब्लेक. त्यांनी वेलिंग्टनच्या ‘काटिपो कम्युनिकेशन्स’ या लहान कंपनीचा सल्ला घेतला. काटिपो हे न्यूझीलंडच्या समुद्रकिनारी राहणाऱ्या एका विषारी कोळ्याचं नाव आहे. जाळं विणतो तो कोळी आणि इंटरनेटचं जाळं विणते ती कंपनी. नाव कसं चपखल आहे ना?

काटिपोच्या लोकांनी सुचवलं, की विकत कशाला घ्यायची? आपण नवीच बनवू या! शाखा एकमेकींपासून लांब आहेत, तेव्हा ती साध्या टेलिफोनच्या तारेवरूनही चालली पाहिजे. आणि वाचनालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना जशी हवी, तशी ती असली पाहिजे.

कामाची वाटणीही छान झाली. पुस्तक देताना काय काय पाहावं लागतं, दंड कधी माफ करावा लागतो, एकच पुस्तक तिघांना हवं असेल तर नंबर कसा लावायचा, हे ग्रंथालयातली माणसं सांगणार. आणि ते यंत्राच्या भाषेत लिहिणार काटिपोची माणसं. ख्रिस कॉरमॅक या तरुण प्रोग्रॅमरने त्यातलं बरंचसं मूळ लेखन केलं. पुस्तकांचं ज्ञान एकाकडे, यंत्राचं ज्ञान दुसऱ्याकडे. दोघांनी एकमेकांना शिकवलं. जानेवारी २००० मध्ये नवी व्यवस्था सुरू झाली. वाय टू केचं संकट टळलं!

बनवलं आणि देऊन टाकलं

खरी गंमत तर पुढेच आहे.

एवढ्या कष्टानं बनवलेली ही व्यवस्था ट्रस्टने कुलपात ठेवली नाही. जगातल्या कुणालाही ती वापरायला, आतून उघडून पाहायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळी करून दिली. तीसुद्धा फुकट! अशा व्यवस्थेला ‘ओपन सोर्स’ किंवा मराठीत ‘मुक्त स्रोत’ म्हणतात. एक अट मात्र होती. बदल करून तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत, तर त्यालाही तीच मोकळीक द्यायची. स्वतः मोकळं घ्यायचं आणि पुढच्याला बंद करून द्यायचं, असं चालणार नाही.

तुम्ही विचाराल, “बाई, हा वेडेपणा नाही का?”

नाही! यात मोठा शहाणपणा होता. विचार करा. ही व्यवस्था फक्त होरोफेनुआकडेच राहिली असती, तर ती दुरुस्त करणारी जगात एकच कंपनी उरली असती. ती कंपनी बंद पडली, तर संपलं! पण शंभर वाचनालयांनी तीच वापरली, तर तिच्यातल्या चुका शंभर ठिकाणी सापडतील, शंभर ठिकाणी सुधारल्या जातील आणि ती सुधारणा फिरून आपल्याकडेही येईल. देऊन टाकल्यानं त्यांची मालकी गेली नाही. उलट ती कुणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

या व्यवस्थेचं नाव ठेवलं ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण नुसती भेट नव्हे. पाहुणा येताना यजमानांसाठी जे घेऊन येतो, ते कोहा. त्यात परतफेडीची, नातं पुढे चालू ठेवण्याची भावना असते. आपल्याकडे शेजारणीने वाटीतून खीर पाठवली, तर ती वाटी आई कधी रिकामी परत पाठवते का? निदान चमचाभर साखर तरी घालून पाठवते. कोहा म्हणजे तसं!

२००० सालीच न्यूझीलंडमध्ये या कामाला पुरस्कारही मिळाले.

जगभरची इर्जिक

वाटी खरंच भरून परत आली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नेल्सनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाला कोहा आवडलं. पण त्यात एक उणीव होती. पुस्तकांची माहिती लिहिण्याची ‘मार्क’ नावाची एक ठरावीक पद्धत आहे. ती १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तयार झाली. लेखक कुठल्या रकान्यात, नाव कुठल्या रकान्यात, हे एकदा ठरलं, की एका वाचनालयाची नोंद दुसऱ्यालाही जशीच्या तशी वापरता येते. कोहाला तेव्हा ‘मार्क’ येत नव्हतं. मग नेल्सनव्हिलच्या वाचनालयाने त्या सुधारणेसाठी पैसे दिले. सुधारणा झाली आणि ती मिळाली सगळ्यांनाच! पुढे फ्रान्समधली माणसं आली, इतर देशांतली आली. आज जगभरातली हजारो ग्रंथालयं कोहा वापरतात. भारतातही अनेक महाविद्यालयांची आणि संस्थांची ग्रंथालयं त्यावर चालतात. देवनागरीत लिहिलेली पुस्तकांची नावंही त्यात नोंदवता येतात.

तुमच्या आजोबांना विचारा, “इर्जिक म्हणजे काय?” पूर्वी एखाद्याची नांगरट अडली, तर गावातले शेतकरी आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या शेतावर जात. एका दिवसात नांगरट उरकत. ज्याचं शेत, त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. मजुरी कुणी मागायची नाही. पण उद्या दुसऱ्याची अडचण आली, की आपणही जायचं. कोहा ही जगभरच्या ग्रंथालयांची इर्जिकच म्हणायची.

नावावरून भांडण

पण सगळंच काही सुरळीत झालं नाही. २०११ साली ट्रस्टवर एक वेगळंच संकट आलं. अमेरिकेतल्या एका कंपनीला न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून आपल्या नावावर हवं होतं. तसं झालं असतं, तर ज्यांनी ही व्यवस्था जन्माला घातली, त्यांनाच तिचं नाव वापरताना अडचण आली असती! बाळ आपलं आणि नावाची मालकी परक्याची!

लहानशा ट्रस्टने काय करावं? वकिलांना द्यायला पैसे कुठून आणावेत? त्यांनी जगभरच्या कोहा वापरणाऱ्यांना हाक दिली. ठिकठिकाणच्या लोकांनी देणग्या पाठवल्या. न्यूझीलंडमधली एक कंपनीही ट्रस्टच्या बाजूनं उभी राहिली. दोन वर्षांनंतर निकाल लागला, तो ट्रस्टच्या बाजूनं.

या गोष्टीतून एक बारीक मुद्दा लक्षात ठेवा. संस्थेची मालमत्ता म्हणजे नुसतं कपाट, टेबल आणि पंखा नव्हे. संस्थेचं नाव, तिच्या याद्या, तिचे पासवर्ड, तिचा ई-मेलचा पत्ता, हीसुद्धा मालमत्ताच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, इतकंच.

आठवतो का हातपंप?

हा शहाणपणा फक्त परदेशात आहे, असं मात्र समजू नका. गावातला बोअरवेलचा हातपंप पाहिला आहे ना? लांब दांड्याचा, दणकट? त्याच्या जन्माचं नातं आपल्या महाराष्ट्राशी आहे.

पूर्वी बोअरवेलवर बिडाचे पंप बसवत. ते मूळचे एखाद्या कुटुंबापुरते. सबंध गावानं उपसा सुरू केला, की ते मोडत. जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या कामात असलेल्या लोकांनी पोलादाचा मजबूत पंप तयार केला. ‘जालना पंप’ आणि मग ‘सोलापूर पंप’ अशी त्यांची नावं पडली. त्यात सुधारणा होत होत १९७० च्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. ठरवून दिलेल्या मापानं तो कुठल्याही कारखान्याला बनवता येतो. म्हणूनच तो भारतभर आणि भारताबाहेरही पोचला.

पुढे एक अडचण लक्षात आली. पंपाचा आतला भाग बिघडला, की जमिनीतले सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी गाडी, तिकाटणं आणि माणसांचं पथक लागे. ते येईपर्यंत गाव तहानलेलं! मग ‘मार्क ३’ आला. त्यात पाइप जमिनीतच ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो. म्हणजे गावातला माणूस शिकला, तर बरीचशी दुरुस्ती गावातच!

पाहा, दुरुस्ती गावात होणार की बाहेरून माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागणार, हे पंप बनवतानाच ठरतं. कॉम्प्युटरचंही अगदी तसंच आहे.

आपल्या गावात काय होतं?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ साली कायदा झाला. त्याखाली हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात. यातली बहुतेक ग्रंथालयं गावकऱ्यांच्या संस्था चालवतात. ग्रंथपालांचं मानधन थोडं आणि कामं मात्र ढीगभर! दाखल नोंदवही भरायची, देवघेव पाहायची, वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, तपासणीची तयारी करायची.

माझ्या माहितीतल्या एका लहान वाचनालयाची हकिगत सांगते. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका गावकऱ्यानं मोठ्या मनानं कॉम्प्युटर दिला. गावातल्या एका कॉलेजकुमारानं सुट्टीत बसून अठराशे पुस्तकांची यादी त्यात भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याला पुण्याला नोकरी लागली. पासवर्ड त्याच्यासोबत गेला. तीन महिने कॉम्प्युटरवर नुसतं प्लॅस्टिकचं आवरण! शेवटी त्याचा नवा नंबर मिळाला, यंत्र उघडलं आणि यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली. पण तिथं पाहतात तो काय? मराठी अक्षरांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं! यादी जुन्या पद्धतीच्या एका फॉन्टमध्ये लिहिलेली होती आणि तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रात नव्हता. दाखल नोंदवही शाबूत होती, म्हणून बरं. सगळं पुन्हा भरावं लागलं.

इथं कुणीच वाईट वागलं नव्हतं. देणारा उदार होता, भरणारा कष्टाळू होता. फक्त “उद्या आम्ही नसलो तर?” हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मदत करावी, पण कशी?

१९९० च्या दशकात अमेरिकेत काही जाणकार माणसं एका गावाहून दुसऱ्या गावी जात, तिथल्या छोट्या सेवाभावी संस्थांना कॉम्प्युटर लावून देत आणि वापरायला शिकवत. त्यांना ‘सर्किट रायडर’ म्हणत. पूर्वी घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या धर्मोपदेशकांचं हे नाव होतं. या नव्या घोडेस्वारांच्या कामात एक मोठं पथ्य असतं. आपण नेहमी इथं असणार नाही, हे धरूनच मदत करायची.

आम्हा शिक्षकांना हे चांगलं ठाऊक आहे. पहिलीच्या मुलाचा हात धरून ‘अ’ गिरवून घेतला, तर अक्षर सुंदर येतं. पण हात सोडल्यावर जो वाकडातिकडा ‘अ’ येतो, तोच त्याचा खरा ‘अ’! म्हणून तुमच्या ताईनं, दादानं किंवा तुम्ही एखाद्या संस्थेला मदत करायची ठरवली, तर एवढं लक्षात ठेवा.

पहिलं, आधी विचारा आणि मग यंत्र आणा. ग्रंथपालकाकांना कुठलं काम सर्वांत जड जातं? दोनशे पुस्तकांच्या वाचनालयाला चांगली वही पुरते. हजार-दोन हजारांना साधा तक्ताही चालेल. कोहा फुकट आहे. पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस आणि वेळ लागतो. फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे!

दुसरं, किल्ल्या दोन ठेवा. पासवर्ड निदान दोन जबाबदार माणसांकडे हवेत. कागदावर लिहून, पाकीट बंद करून ते संस्थेच्या कपाटात ठेवावं. ई-मेलचा पत्ता संस्थेच्या नावाचा असावा, कुणा एकाचा घरगुती नको. मंडळाची माणसं बदलली, की पासवर्डही बदलावेत.

तिसरं, नक्कल दुसऱ्या छपराखाली ठेवा. आता पुन्हा एक गणित. एका पुस्तकाच्या नोंदीत समजा ३०० अक्षरं आहेत. देवनागरी अक्षराला साधारण ३ बाइट जागा धरू. म्हणजे एका नोंदीला ९०० बाइट. ४,००० पुस्तकांना ३६ लाख बाइट. मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोही एवढी जागा घेतो! म्हणजे सबंध वाचनालयाची यादी एका चिमुकल्या पेन ड्राइव्हवर सहज मावते. मग तिची नक्कल न ठेवायला सबब काय? पण नक्कल त्याच टेबलाच्या खणात नको. गळकं छप्पर दोन्ही भिजवेल. आणि नक्कल उघडते का, हे वर्षातून दोनदा उघडून पाहायचं.

चौथं, मराठी लिहायचं ते युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेले ठरावीक क्रमांक. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. तुमच्या मोबाइलवरचं मराठी युनिकोडमध्येच असतं. असं लिहिलेलं या यंत्रावरून त्या यंत्रावर गेलं, तरी ‘क’ हा ‘क’च राहतो.

पाचवं, आणि सर्वांत महत्त्वाचं, माउस काकांच्या हातात द्या. तुम्ही झटपट करून दिलंत, तर पाच मिनिटांत काम होईल आणि उद्या पुन्हा तुम्हालाच बोलावणं येईल. त्यांना करू द्या. वेळ लागेल, चुकतीलही. त्यांच्याच शब्दांत पायऱ्या वहीत लिहून घ्या: “आधी हे बटण, मग ते.” ती वही कॉम्प्युटरशेजारी दोरीनं बांधून ठेवा!

पालकांसाठी चार शब्द

तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळात असाल. तिथं कॉम्प्युटरचं काम बहुधा घरातल्या मुलांवर सोपवलं जातं. “आमच्या बाळूला सगळं येतं!” असं कौतुकानं म्हटलं जातं. कौतुक जरूर करा. पण सभासदांचे फोन नंबर, पत्ते आणि पैशांचे हिशेब ही मुलाची जबाबदारी होऊ देऊ नका. मुलानं शिकवावं, मोठ्यांनी शिकावं आणि किल्ली मोठ्यांनी सांभाळावी. कोण कुठलं पुस्तक वाचतं, ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. तीही यादीतून बाहेर जाता कामा नये.

फुकट कॉम्प्युटर कुणी देऊ केला, तर आभार मानाच. पण आधी एक प्रश्न विचारा. “हा बिघडल्यावर कोण पाहील?” नवी व्यवस्था घेताना आणखी एक विचारा. “उद्या ही सोडायची झाली, तर आमची यादी आम्हाला साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळेल का?” या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं, तर निम्मं काम झालं.

करून पाहा

मुलांनो, येत्या रविवारी दोघं-तिघं मिळून जवळच्या वाचनालयात जा. काकांची किंवा मावशींची परवानगी घ्या. दाखल नोंदवही कशी असते, ते पाहा. पहिल्या पानावरचं पहिलं पुस्तक कुठलं आणि ते कुठल्या साली आलं, ते शोधा. मग अदबीनं एवढंच विचारा: “यादीची नक्कल कुठं आहे? आणि यंत्राची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?” पासवर्ड मात्र विचारायचा नाही हं!

उत्तर आलं, “अजून कुणाकडेच नाही,” तर नाराज होऊ नका. एक कोरी वही घ्या, पेन्सिलीला टोक काढा आणि काकांच्या शेजारी जाऊन बसा. रोज २० नोंदी केल्या, तर ४,००० पुस्तकांना दिवस किती लागतील? करा बरं हिशेब!